हातचा कुणाच्या हातचा?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



पुरणपोळीच्या जेवणानंतर भाषण करायला उभं राहणं म्हणजे शनिवारी शेवटचा तास घेण्यासारखं आहे. मागच्या रांगेत डुलक्या सुरू झाल्यात हे मला इथून दिसतंय. झोपा खुशाल. पण मी गणिताबद्दल बोलणार आहे, तेव्हा मध्येच उठवून प्रश्न विचारला तर तयारी ठेवा.

संयोजकांनी मला ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलं. माझं काम एका वाक्यात सांगायचं तर, ज्या मुलांच्या डोक्यात गणित शिरत नाही असं सगळे म्हणतात, त्या मुलांबरोबर मी गेली २० वर्षं बसते. पण या कामाची सुरुवात २० वर्षांपूर्वी झाली नाही. ती याच शाळेत, कौलारू इमारतीतल्या पाचवीच्या वर्गात झाली, आणि तेव्हा मी चुकीच्या बाजूला होते.

पाचवीचा पहिलाच आठवडा. फळ्यावर बेरीज होती : २७ अधिक ३५. सर म्हणाले, ‘‘सात आणि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक.’’ माझ्या शेजारी बसणारी मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, ‘‘सर, हातचा म्हणजे कुणाच्या हातचा?’’ सगळा वर्ग खो खो हसला. सर्वांत मोठ्यानं कोण हसलं असेल? मी. कारण मी हुशार होते. तिला वाटलं की आपलं काहीतरी चुकलं. ती खाली बसली, आणि त्यानंतर दहावीपर्यंत तिनं गणिताच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

ती आज इथं आली आहे. मी हे सगळं तिच्या परवानगीनं सांगते आहे. ‘नाव तेवढं घेऊ नकोस, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील’ असं ती म्हणाली. तेव्हा माना वळवून शोधाशोध करू नका.

तुम्हाला पाढ्यांचे शनिवार आठवत असतील. ओळीनं उभं राहायचं, चुकला की बाकावर. ती दर शनिवारी बाकावर असायची. मी तिला खालून ओठांनी उत्तरं सांगायचे, आणि तेव्हा मला वाटायचं की मी केवढी मोठी मदत करते आहे. ती मराठीत, चित्रकलेत, रांगोळीत पुढं. गॅदरिंगच्या नाटकाचे सगळ्यांचे संवाद तिला पाठ. पण घड्याळात किती वाजले हे तिला सांगता यायचं नाही. ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’, ‘मुद्दाम करते’ हे शेरे तिच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं येत राहिले. दहावीत ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात राहिली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा राहिली. मग घरच्यांनी लग्न करून दिलं. आपल्या वर्गाच्या फोटोत ती आहे, पण आपल्या गप्पांत ती कधीच नव्हती.

मी पुढं गणित घेऊन पदवीधर झाले, बी.एड. केलं, शिक्षिका झाले. नोकरीत दर वर्षी एखाददुसरं मूल तिच्यासारखं भेटायचं. मी त्यांना जादा तास घ्यायचे, तेच तेच पुन्हा सांगायचे, जरा मोठ्या आवाजात सांगायचे. फरक शून्य. मग मला शंका यायला लागली की गडबड माझ्या आवाजाच्या पट्टीत नसावी. म्हणून विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केला, आणि तिथं पहिल्यांदा तो शब्द ऐकला : डिस्कॅल्क्युलिया.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. डिस्कॅल्क्युलिया ही त्याचीच सख्खी बहीण, पण तिच्यावर कुणी सिनेमा काढला नाही. बुद्धी चांगली, शिकवणं ठीक, डोळे-कान व्यवस्थित, आणि तरीही संख्या हाताला लागत नाही, ती निसटते, अशी ही अवस्था. ब्रातिस्लाव्हाचे मानसशास्त्रज्ञ लादिस्लाव्ह कोश्च यांनी १९७४ साली तिच्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला. पुढं लंडनचे ब्रायन बटरवर्थ आणि पॅरिसचे स्तानिस्लास देहेन यांनी आपल्या मेंदूत ‘किती’ याची जाणीव कशी असते यावर पुष्कळ काम केलं.

ही जाणीव म्हणजे काय ते आता इथंच बघू. मी चार बोटं दाखवते. किती? तुम्ही मोजली नाहीत, नुसती पाहिली आणि चार म्हणालात. टेबलावर तीन-चार शेंगदाणे असले तर आपण एका नजरेत सांगतो. माझ्याकडं येणारी काही मुलं तीन शेंगदाणेसुद्धा एकेक करून मोजतात. हात बाजूला करून परत विचारलं तर परत पहिल्यापासून मोजतात. आठ मोठे की सहा मोठे, यासाठी त्यांना मनात थांबून विचार करावा लागतो. ज्याच्यासाठी आठ ही नुसती एक आकृती आहे, त्याला आपण आठाचा पाढा पाठ कर म्हणून सांगतो. न समजणाऱ्या भाषेतली कविता पाठ करण्यासारखंच आहे ते.

वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत असं आढळतं की शंभरातल्या साधारण ३ ते ७ मुलांना ही अडचण असते. आपल्या तुकडीत आपण ५६ जण होतो. करा हिशेब. दोन ते चार जण. बाकावर उभं राहणारे नेहमीचे चेहरे आठवून बघा.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आज इथं अनेक आजी-आजोबा आहेत आणि घरी गेल्यावर नातवंडांची परीक्षा घेतील. गणितात कमी गुण पडणारं प्रत्येक मूल डिस्कॅल्क्युलियाचं नसतं. शाळा बुडालेली असते, चष्मा लागलेला असतो, एखाद्या इयत्तेतला पाया कच्चा राहिलेला असतो, नुसती धास्ती असते. हे सगळं तपासून, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं तयार केलेल्या चाचण्यांसारख्या चाचण्या घेऊन, मग तज्ज्ञ निदान करतात. व्हॉट्सअॅपवर आलेली लक्षणांची यादी वाचून ते होत नाही.

आता तंत्रज्ञानाकडं येते. ‘तुझ्याकडं म्हणे मुलं टॅबवर गणित शिकतात’ असं सकाळपासून मला चार जणांनी विचारलं. हो, शिकतात. पण टॅब ही पहिली पायरी नाही. पहिली पायरी ही.

(इथं मी पिशवीतून माळ काढून दाखवली.)

शंभर मण्यांची माळ. दहा लाल, दहा पांढरे, दहा लाल, दहा पांढरे. आपल्याकडच्या कितीतरी प्राथमिक शाळांत ही माळ असते, बऱ्याचदा कपाटात कुलूपबंद असते. मूल आधी हातानं मणी सरकवतं. सत्तावीस म्हणजे दोन पूर्ण रंग आणि सात मणी हे बोटांना कळायला हवं. मग येतो पडदा. टॅबवर तशीच माळ, तसेच दशकाचे दांडे आणि सुटे ठोकळे. त्यानंतर तिसरी पायरी, कागदावरचे अंक. हातात, मग चित्रात, मग अंकात. मधली पायरी आपण शाळेत नेहमी गाळायचो. टॅब ती भरून काढतो.

कशी ते सांगते. लाकडी ठोकळ्यांत दहा सुटे उचलून बाजूला ठेवायचे आणि त्याजागी एक दांडा आणायचा. मुलाला वाटतं, दहा गेले आणि एक आला, म्हणजे तोटाच झाला. पडद्यावर तेच दहा ठोकळे मुलाच्या डोळ्यांदेखत एकमेकांना चिकटतात, त्यांचा दांडा होतो आणि तो दांडा सरकत दशकाच्या घरात जाऊन बसतो. पुन्हा बोट लावलं की फुटून दहा सुटे होतात. मूल ते वीस वेळा फोडतं, वीस वेळा जोडतं. वीस वेळा तेच दाखवताना माझाही आवाज चढला असता. टॅबचा चढत नाही.

दुसरं साधन संख्यारेषा. पडद्यावर एक आडवी रेघ, एका टोकाला ० आणि दुसऱ्या टोकाला १००. टॅब विचारतो, ४७ कुठं? मूल बोटानं खूण करतं. सुरुवातीला ही मुलं ४७ ची खूण कुठंही करतात, अगदी नव्वदच्या जवळसुद्धा. पडदा लगेच खरी जागा दाखवतो. लाल फुली नाही, हसणारा वर्ग नाही. चूक किती अंतरानं झाली ते फक्त त्या मुलाला दिसतं. महिनाभरात खूण हळूहळू जवळ सरकायला लागते. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पात अपूर्णांकांचे आणि संख्यारेषेचे असे खेळ फुकट मिळतात, त्यांतले बरेच मराठीतही आहेत. आपल्या बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड ‘दीक्षा’वरचे व्हिडिओ उघडतात. मूल ते थांबवून, मागं नेऊन, पाच वेळा बघू शकतं. माणसाला ‘सर, परत सांगा’ पाचव्यांदा म्हणायची हिंमत होत नाही.

देहेन यांच्या गटानं, ॲना विल्सन यांच्यासह, ‘नंबर रेस’ नावाचा एक खेळ तयार केला आणि २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन ढिगांतला मोठा ढीग पटकन निवडायचा. मूल जिंकत असेल तर खेळ थोडा अवघड होतो, हरत असेल तर सोपा होतो. मुलांना लहानमोठं ओळखणं जमू लागलं. पण त्यामुळं बेरीज आपोआप सुधारली असं मात्र दिसलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण टॅब विकायला येणारा माणूस हे सांगत नाही. जे खेळाल तेवढंच सुधारतं. एका खेळातून दुसऱ्या गणितापर्यंत पूल बांधायला शेजारी माणूस बसावा लागतो.

आता आपल्या मराठीची गंमत बघा. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो, मग वीस. लिहिताना आधी २, मग १. शेजारच्या कन्नडमध्ये आणि तेलुगूमध्ये आधी वीस, मग एक. त्यात आपले एकोणतीस, एकोणसाठ. म्हणजे साठ म्हणायचं, पण लिहायचं पन्नाशीतलं! आणि हाही नियम शेवटपर्यंत टिकत नाही, एकोणनव्वदनंतर दहा घरं पुढं गेलं की एकदम नव्व्याण्णव. आपल्याला हे अंगवळणी पडलंय. माझ्याकडं एक सातवीतली मुलगी यायची. ‘एकोणसत्तर’ ऐकलं की ती कधी ७९ लिहायची, कधी ९६. गणिताची रीत बरोबर, पण पहिलाच आकडा चुकीचा, म्हणून उत्तर चूक, म्हणून शून्य.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘सत्तर सात’ अशी वाचनाची पद्धत दिली होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतं? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. आपण सगळ्यांनी विनोद पुढं पाठवले. मीही दोन पाठवले. मातृभाषेतली संख्यानामं टिकावीत असं मलाही वाटतं. पण त्या मुलीला मी ‘एकोणसत्तर म्हणजे साठ नऊ’ असं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा सुटला, हेही मी पाहिलंय. मग आम्ही फोन मदतीला घेतला. ती ६९ टाइप करायची, फोन मराठीत ‘एकोणसत्तर’ वाचून दाखवायचा. मग मी ‘एकोणसत्तर’ म्हणायचे, ती लिहायची, आणि बरोबर आहे का ते फोनला विचारायची. मला नाही, फोनला. शाब्दिक उदाहरणंसुद्धा ती कानात इअरफोन घालून ऐकायची. परीक्षेत फोन नसतो हे खरं. पण चार महिन्यांनी तिला बहुतेक वेळा फोन लागत नव्हता.

आता वादाचा मुद्दा : कॅल्क्युलेटर. ‘मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर दिला तर पाढे कसे येणार?’ हा प्रश्न मला पालकसभेत हमखास येतो. माझं उत्तर एका उदाहरणानं देते. वर्गात ४८ मुलं, एका बाकावर ३ बसतात, तर बाक किती लागतील? नववीतल्या एका मुलाला मी कॅल्क्युलेटर दिला. त्यानं ४८ गुणिले ३ केलं आणि १४४ लिहिलं. मी म्हटलं, ‘‘४८ मुलांना १४४ बाक? प्रत्येकाला तीन-तीन? एकावर बसायचं, एकावर पाय, तिसऱ्यावर काय?’’ तो हसला आणि स्वतःच भागाकार केला. कॅल्क्युलेटर आकडेमोड करतो. कोणती आकडेमोड करायची हे त्याला कळत नाही. म्हणून आमच्याकडं एकच नियम आहे : बटण दाबायच्या आधी अंदाज बोलायचा. ‘दहापेक्षा जास्त, वीसपेक्षा कमी.’ मग दाबायचं. अंदाज आणि उत्तर जुळलं नाही तर थांबायचं. या मुलाला पाढे चौथीपासून येत नव्हते, म्हणून पाच वर्षं कुणी त्याला पाढ्यांच्या पुढं जाऊच दिलं नव्हतं. कॅल्क्युलेटर हातात आल्यावर कळलं की भूमितीत त्याचं डोकं उत्तम चालतं.

माझ्या चुकाही सांगते. टॅब नवीन आले तेव्हा मी हरखले होते. एका तिसरीतल्या मुलीला एक झकपक खेळ दिला. वर घड्याळ उलटं पळतंय, चुकलं की धप्पकन आवाज, आणि शेवटी तुझा नंबर कितवा ते. ती दोन मिनिटं खेळली, टॅब उलटा ठेवला आणि रडायला लागली. मी पाढ्यांचा शनिवार टॅबमध्ये घालून तिला परत दिला होता. तेव्हापासून घड्याळ असलेला खेळ आधी घड्याळ बंद करून देते. बंद होत नसेल तर तो खेळच देत नाही. दुसरी चूक : कॅमेरा रोखला की गणित सोडवून देणारी ॲपं आली. एका मुलाची वही महिनाभर अचूक यायला लागली आणि मी त्याच्या आईला फोन करून अभिनंदन केलं! नंतर उलगडा झाला. आता आम्ही उलटं करतो. आधी मुलानं सोडवायचं, मग ॲपच्या पायऱ्या उघडायच्या आणि आपली वाट कुठं फुटली ते शोधायचं.

आता माझ्या मैत्रिणीकडं येते. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या केंद्रात एक आजी तिसरीतल्या नातीला घेऊन आली. मी फॉर्म भरायला दिला, आणि ती म्हणाली, ‘‘तारीख तेवढी तूच लिही गं.’’ तो आवाज मी कुठंही ओळखला असता. ३३ वर्षांनी आम्ही भेटलो. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते. नातीकडं बघून तिला स्वतःचं लहानपण दिसलं होतं, आणि कुणीतरी पत्ता दिला म्हणून ती आली होती.

ती पुण्यात डबे देते. रोज साठ डबे. कसं जमवते ते तिनं मला दाखवलं आणि मी शिक्षिका असून विद्यार्थिनीसारखी बघत राहिले. भिंतीवर साठ खिळे, दहा-दहाच्या सहा ओळी. भरलेला डबा खिळ्यावर लटकतो. ओळ भरली म्हणजे दहा. तिला मोजावं लागत नाही, दिसतं. माझी मण्यांची माळच ती, फक्त भिंतीवर. वाण्याची यादी ती फोनवर बोलून पाठवते. प्रत्येक बिलाचा फोटो काढून ठेवते. किती वाजले ते फोन अंकांत दाखवतो, त्यामुळं काट्यांचं घड्याळ तिनं घरातून काढूनच टाकलंय. आणि पैसे आले की बोलून सांगणारा तो छोटा डबा असतो ना, दुकानात ‘अमुक रुपये प्राप्त झाले’ म्हणणारा, तो तिनं घेतला त्या दिवशी तिनं पेढे वाटले होते.

‘‘त्याच्या आधी काय करायचीस?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘पाकीट पुढं करायची. घ्या म्हणायची तुमचे काढून. कुणी बरोबर घ्यायचं, कुणी जास्त. मी नोटा रंगावरून ओळखायची. नोटबंदी झाली, नवीन नोटा आल्या, सगळे रंग बदलले. सहा महिने मी बाजारात गेले नाही.’’

मित्रांनो, ज्या गोष्टी मी पदविका घेऊन शिकले, त्या हिनं एकटीनं, मार खात, फसवणूक सोसत शोधून काढल्या. आणि तरी ती मला काय म्हणाली? ‘‘तुमच्यात मी कशाला येऊ मेळाव्याला, मी नापास आहे.’’

नातीच्या पहिल्या तासाला ती मागं खुर्चीवर बसली होती. मी टॅबवर बेरीज लावली. योगायोग नव्हे, मी मुद्दाम तीच लावली, २७ अधिक ३५. सात सुटे आणि पाच सुटे एकत्र आले, बारा झाले. त्यातले दहा जोडले गेले, त्यांचा दांडा झाला आणि दशकाच्या घरात जाऊन दोन आणि तीन दांड्यांशेजारी उभा राहिला. खाली दोन सुटे उरले. नात म्हणाली, ‘‘परत.’’ मागून आजी म्हणाली, ‘‘थांब, मला बघू दे.’’ चष्मा लावून पुढं आली. तिनं स्वतः बोटानं ते केलं. तीन वेळा केलं. मग म्हणाली, ‘‘असं होय. हा दहाचा गठ्ठा म्हणजे हातचा. मग हे त्या दिवशी कुणी का नाही सांगितलं?’’

मला उत्तर देता आलं नाही. तिचा प्रश्न बरोबर होता, पाचवीतलाही आणि हाही.

सर, तुम्ही समोर बसला आहात. ही तुमची तक्रार नाही. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना एक पैसा न घेता तासभर बसवून घेणारे तुम्हीच होता, ती त्यात होती, आणि ती आजही ते विसरलेली नाही. तो शब्द तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, तर तुम्ही काय करणार? महाराष्ट्रात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळायला लागल्या त्या १९९६ पासून. तोवर आपली दहावी होऊन गेली होती. जास्तीचा वेळ, कॅल्क्युलेटर, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभवाचा विषय अशा सोयी पुढं आल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर डिस्कॅल्क्युलिया हा शब्दच आला. सवलतीसाठी ठरलेल्या सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, त्याला वेळ लागतो, म्हणून नववी-दहावीपर्यंत थांबू नये. आणि विषय बदलण्याआधी, पुढं मुलाला कुठल्या शाखेकडं जायचं आहे ते शाळेत बसून नीट विचारून घ्यावं. आपल्या काळात ही दारंच नव्हती. आज आहेत, पण तालुक्याच्या शाळेतल्या मुलाला ती कुठं आहेत हे कुणी दाखवत नाही.

आता शेवटचं, आणि जरा अवघड. आपल्या तुकडीनं शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून प्रवेशद्वारावर आपल्या तुकडीच्या नावाची कमान बांधायची असं ठरतंय. कमान नको असं मी म्हणत नाही. आपली नावं दगडावर कोरलेली मलाही आवडतील. पण कमान जरा बुटकी चालेल का, एवढंच विचारते. काल मी मुख्याध्यापकांबरोबर शाळा फिरले. जुन्या कौलारू इमारतीतली ग्रंथालयाशेजारची खोली रिकामी आहे. तिथं आठवड्यातून तीन दुपारी पाच-सहा मुलं बसू शकतात.

काय लागेल? आधी माणूस. शाळेतल्या एक-दोन शिक्षकांना प्रशिक्षण. ते मी देईन, विनामूल्य, सुट्टीत येऊन. मग दहा मण्यांच्या माळा आणि दशकाचे दांडे. मग मोठ्या चौकटींच्या वह्या. आणि सर्वांत शेवटी पाच-सहा टॅब. तेही नवे नकोत. तुमच्या घरी मुलांनी टाकून दिलेले, नीट चालणारे द्या. सोबत इअरफोन. इथं नेट अधूनमधून जातं हे आपण सकाळपासून अनुभवतोय, म्हणून नेटशिवाय चालणारे खेळ मी भरून देईन. टॅब आधी आणि माणूस नंतर असं केलं तर ते टॅब वर्षभरात माळेशेजारी त्याच कपाटात कुलूपबंद होतील.

आणि ज्यांना निधीशी काही देणंघेणं नाही त्यांच्यासाठी एक फुकटचं काम. घरात, शेजारी, दुकानात कुणी सुट्ट्या पैशांत अडखळलं, बोटांवर मोजायला लागलं, तर घाई करू नका. ओठांनी उत्तर सांगू नका. मी ते पाच वर्षं केलंय. त्यानं पास होता येत नाही. आणि कुणी हातचा कुणाच्या हातचा असं विचारलं तर हसू नका, दहा काड्या घ्या आणि गठ्ठा बांधून दाखवा.

मी पाचवीत हसले होते. त्याबद्दल माझ्या मैत्रिणीची माफी मी मागितली आहे, घरी, दोघीच असताना. ती म्हणाली, ‘‘जाऊ दे गं, आता हातचा कळला ना.’’ पण हसले वर्गासमोर होते, म्हणून माफीही आज वर्गासमोर मागते.

गुरुजनांना नमस्कार. झोपलेल्यांनी आता उठावं, चहा आला आहे. कपांवर नाही, भांड्यावर झाकण आहे, मोजून घ्या. नाही जमलं तर तिला विचारा, ती एका नजरेत सांगेल.